छोट्या विमानतळालगतच्या जमिनीवर किती उंच बांधता येते?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. महाराष्ट्रातील एका तालुक्याच्या गावाजवळ सुमारे १४०० मीटर लांबीची धावपट्टी आहे. सध्या तेथे दिवसा, वैमानिकाने डोळ्यांनी पाहून उतरण्यापुरतीच विमाने येतात. धावपट्टीच्या टोकापासून साधारण ११०० मीटरवर, माळाच्या चढावर, आपली आणि आपल्या चुलतभावाची अशी दोन शेते आहेत. आपल्याला तळमजला आणि वर तीन मजले असे घर बांधायचे आहे, तर भावाला मोबाइल कंपनीच्या मनोऱ्यासाठी जागा भाड्याने द्यायची आहे. गावातील एक अभियंता म्हणतो की विमानतळापासून २० किलोमीटरपर्यंत बांधकामच बंद आहे, तर दुसरा म्हणतो की ग्रामपंचायतीचा दाखला असला की पुरे. अमेरिकेतील नातेवाईक सांगतात की तेथे हे सारे स्थानिक झोनिंगवर, म्हणजे कोणत्या विभागात काय बांधता येते याच्या नियमांवर, ठरते. यांपैकी खरे काय, असे आपण विचारले आहे. विमानतळांच्या आसपासच्या उंचीच्या सर्वेक्षणाचे आणि ना हरकत दाखल्यांचे काम मी दीर्घकाळ करत आलो आहे. आपण दिलेल्या मोजमापांवरून जेवढे सांगता येईल तेवढे सविस्तर लिहितो.

आधी त्या २० किलोमीटरचा अर्थ लावू. विमान अधिनियम १९३४ मध्ये १९७२ साली कलम ९अ घालण्यात आले. त्यानुसार विमानतळाच्या संदर्भबिंदूपासून, म्हणजे विमानतळाचे स्थान दाखवणाऱ्या अधिकृत बिंदूपासून, जास्तीत जास्त २० किलोमीटर त्रिज्येच्या क्षेत्रात बांधकामांच्या व झाडांच्या उंचीवर निर्बंध घालण्याचा अधिकार केंद्र सरकारला मिळाला. १ जानेवारी २०२५ पासून त्या अधिनियमाची जागा भारतीय वायुयान अधिनियम २०२४ ने घेतली असली, तरी हा अधिकार कायम आहे. प्रत्यक्ष नियम ३० सप्टेंबर २०१५ च्या अधिसूचनेत आहेत आणि डिसेंबर २०२० मध्ये त्यांत दुरुस्ती झाली. दाखल्यांवर आणि पत्रव्यवहारात हे नियम ‘जीएसआर ७५१’ या क्रमांकाने ओळखले जातात. २० किलोमीटर ही बांधकामबंदीची हद्द नसून, उंची तपासली जाण्याच्या क्षेत्राची कमाल मर्यादा आहे. त्या क्षेत्रात बहुतेक ठिकाणी साधे दोन-तीन मजली घर निर्धोकपणे बांधता येते. उलट धावपट्टीच्या रेषेत, टोकाजवळ, एक मजलाही वर चढवता येणार नाही अशा जमिनी असतात. म्हणून ‘विमानतळ किती लांब आहे’ या एका प्रश्नावर कोणाचेही उत्तर विसंबू देऊ नये.

अमेरिकेतील व्यवस्था वेगळी आहे, आणि आपल्या नातेवाइकांचे म्हणणे तेथपुरते बरोबर आहे. तेथील फेडरल विमान वाहतूक प्रशासन प्रस्तावित बांधकामाची सूचना घेते, ते विमानांना धोकादायक ठरेल की नाही याचा अभिप्राय देते. पण बांधकाम रोखण्याचा अधिकार त्या अभिप्रायात नसतो. तो कौंटी किंवा शहर आपल्या झोनिंगच्या नियमांतून वापरते. ज्या कौंटीने असे नियम केलेलेच नाहीत, तेथे छोट्या विमानतळाचे संरक्षण दुबळे राहते. आपल्याकडे उंचीचा निर्बंध थेट केंद्राच्या नियमांतून येतो आणि स्थानिक संस्था तो पाळण्यास बांधील असते. नगरपरिषद, महानगरपालिका किंवा नगररचना कार्यालय त्या मर्यादेपलीकडची परवानगी देऊ शकत नाही. ग्रामपंचायतीचा दाखला तर उंचीच्या बाबतीत काहीच सिद्ध करत नाही.

मात्र याचा अर्थ स्थानिक झोनिंगचा संबंध नाही, असा मुळीच नाही. आपल्या शेताचे प्रादेशिक आराखड्यातील वा विकास आराखड्यातील विभाग कोणते, शेती विभागात असल्यास त्यावर काय बांधता येते, अकृषिक वापराचे काय, हे सगळे प्रश्न महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ आणि त्याखालील एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली यांनुसार स्वतंत्रपणे सुटतात. उंचीचा ना हरकत दाखला मिळाला म्हणून शेती विभागाचा रहिवास विभाग होत नाही, आणि रहिवास विभाग आहे म्हणून उंची मिळत नाही. माझ्याकडे येणाऱ्या अर्ध्याअधिक तक्रारींचे मूळ या दोन गोष्टींच्या सरमिसळीत असते. प्लॉट विकणारा ‘सँक्शन्ड लेआउट’ दाखवतो, घेणारा निश्चिंत होतो, आणि उंचीचा प्रश्न बांधकाम परवानगीच्या टेबलावर प्रथमच उघडा पडतो.

आता मुख्य विषयाकडे येतो. धावपट्टीभोवती काही काल्पनिक पृष्ठभाग आखलेले असतात, आणि कोणतीही वस्तू त्यांच्या वर डोके काढता कामा नये, एवढाच नियमांचा गाभा आहे. धावपट्टीच्या दोन्ही टोकांपासून बाहेर, वर चढत जाणारे आणि रुंदावत जाणारे दोन प्रकारचे पृष्ठभाग असतात: एक उतरणाऱ्या विमानासाठीचा ॲप्रोच पृष्ठभाग, दुसरा उड्डाण घेणाऱ्या विमानासाठीचा टेक-ऑफ पृष्ठभाग. धावपट्टीच्या आणि ॲप्रोचच्या बाजूंनी तीव्र चढाचा ट्रान्झिशनल पृष्ठभाग असतो. या सर्वांच्या भोवती ४५ मीटर उंचीवर एक सपाट पृष्ठभाग आणि त्याच्या कडेने वर चढत जाणारा शंकूच्या आकाराचा पृष्ठभाग असतो. उथळ परातीची कड जशी बाहेरच्या बाजूला उचललेली असते, तसा. आपल्यासारख्या धावपट्टीसाठी त्या सपाट भागाची त्रिज्या ४ किलोमीटर धरली जाते आणि कडेचा चढ ५ टक्के असतो.

या पृष्ठभागांची मापे धावपट्टीच्या संकेतांकावर ठरतात. संकेतांक १ ते ४ असतो आणि तो त्या धावपट्टीवर येऊ शकणाऱ्या विमानाला समुद्रसपाटीवर, प्रमाण हवामानात किती लांबी लागते त्यावरून ठरतो: ८०० मीटरपर्यंत १, १२०० पर्यंत २, १८०० पर्यंत ३ आणि त्यापुढे ४. तो धावपट्टीच्या प्रत्यक्ष लांबीवरून आपण घरी बसून ठरवू नये. तरीही आपल्या वर्णनावरून येथे संकेतांक ३ असण्याची शक्यता सर्वाधिक आहे, म्हणून तोच धरून हिशोब मांडतो. आकडे थोडे कंटाळवाणे वाटतील, पण सारी मेख त्यांतच आहे.

आपले शेत थ्रेशोल्डपासून, म्हणजे उतरण्यासाठीची धावपट्टी जेथून सुरू होते त्या टोकापासून, ११०० मीटरवर आहे आणि धावपट्टीची मध्यरेषा पुढे वाढवली तर तिच्यापासून बाजूला १५० मीटरवर आहे. ॲप्रोच पृष्ठभाग थ्रेशोल्डच्या ६० मीटर बाहेरून सुरू होतो, म्हणून त्यावरचे अंतर १०४० मीटर. डोळ्यांनी पाहून उतरण्याच्या संकेतांक ३ च्या धावपट्टीसाठी चढ ३.३३ टक्के, म्हणजे दर ३० मीटरला एक मीटर. त्यामुळे आपल्या शेतावर हा पृष्ठभाग थ्रेशोल्डच्या पातळीपेक्षा सुमारे ३४.६ मीटर वर असेल. पण आपले शेत माळाच्या चढावर, थ्रेशोल्डपेक्षा १२ मीटर उंच आहे. ते वजा केले की २२.६ मीटर उरतात. तीन मजले चढवून, वर टाकी ठेवूनही घर यात सहज बसते, आणि बहुतेक अभियंते हिशोब येथेच थांबवतात.

हिशोब येथे संपत नाही. त्याच टोकाकडून आपल्या शेताच्या दिशेने विमाने उड्डाणही करत असतील, तर टेक-ऑफ पृष्ठभाग तपासावा लागतो, आणि संकेतांक ३ साठी त्याचा चढ फक्त २ टक्के, म्हणजे दर ५० मीटरला एक मीटर असतो. धावपट्टीच्या टोकापासून ६० मीटरवर तो १८० मीटर रुंदीने सुरू होतो आणि दोन्ही बाजूंना १२.५ टक्क्यांनी पसरतो. १०४० मीटरवर त्याची अर्धी रुंदी २२० मीटर होते, म्हणून आपले १५० मीटरवरचे शेत त्याच्या आत येते. टोकाची आणि थ्रेशोल्डची पातळी एकच धरली तर या पृष्ठभागाची उंची २०.८ मीटर भरते. त्यातून माळाचे १२ मीटर गेले की उरतात ८.८ मीटर. जोते ०.६ मीटर आणि तीन-तीन मीटरचे दोन मजले मिळून ६.६ मीटर होतात, त्यावर २.४ मीटरची जिन्याची खोली घेतली की ९ मीटर. म्हणजे तळमजला आणि वर एक मजला असे घरही जिन्याच्या खोलीमुळे २० सेंटिमीटरने मर्यादेबाहेर जाते, आणि त्या खोलीवर पाण्याची टाकी ठेवण्याचा तर प्रश्नच उरत नाही. सपाट छताऐवजी उतरते छप्पर, जिना बाहेरून, टाकी जमिनीवर आणि पंपाने पाणी, अशी रचना केली तर एक मजला वर चढवता येईल. तीन मजले मात्र या जागेवर बसणार नाहीत.

चुलतभावाचे शेत त्याच अंतरावर, पण मध्यरेषेपासून २५० मीटरवर आहे. तेथे ॲप्रोचची अर्धी रुंदी १७९ मीटर आणि टेक-ऑफची २२० मीटर असल्याने ते दोन्हींच्या बाहेर पडते. ॲप्रोचच्या कडेपासून ७१ मीटर बाहेर, ट्रान्झिशनल पृष्ठभागाचा चढ दर ७ मीटरला एक मीटर धरला, की तेथे सुमारे ४४.८ मीटर मिळतात आणि माळाची उंची वजा जाता ३२.८ मीटर. एका बांधापलीकडे ८.८ मीटर आणि दुसऱ्या बाजूला ३२.८ मीटर! गावात यावरून भांडणे होतात, पक्षपाताचे आरोप होतात, पण दोन्ही आकडे एकाच नियमाचे आहेत.

भावाने मात्र लगेच मनोऱ्याचा करार करू नये. वरचा हिशोब डोळ्यांनी पाहून उतरण्याच्या धावपट्टीचा आहे. उद्या तेथे उपकरणांच्या साहाय्याने उतरण्याची सोय झाली, तर संकेतांक ३ साठी ॲप्रोचचा चढ २ टक्क्यांवर येतो, सुरुवातीची रुंदी अलीकडच्या आंतरराष्ट्रीय मानकांनुसार २८० मीटर होते, जुन्या कोष्टकांत ती ३०० मीटर आहे, आणि पसरणे दोन्ही बाजूंना १५ टक्के. मग १०४० मीटरवर अर्धी रुंदी २९६ मीटर होते, भावाचे शेतही ॲप्रोचच्या आत येते आणि त्याचीही मर्यादा ८.८ मीटरवर उतरते. हे केवळ कागदावरचे भय नाही. अमरावतीजवळच्या बेलोरा येथील धावपट्टी वाढवून १८५० मीटर करण्यात आली आणि १६ एप्रिल २०२५ पासून तेथून मुंबईची प्रवासी सेवा सुरू झाली. राज्यातील अनेक छोट्या धावपट्ट्यांना असा विस्तार अपेक्षित आहे. म्हणून विमानतळाचा भावी आराखडा काय आहे, धावपट्टी कोणत्या टोकाला वाढणार आहे, हे लेखी विचारावे. टोक आपल्या दिशेने ३०० मीटर सरकले, तर वरची टोकापासूनची अंतरे ३०० मीटरने आक्रसतात आणि मिळणारी उंचीही त्या प्रमाणात घटते.

एवढी कडक मापे कशासाठी, असे विचारणे स्वाभाविक आहे. विमान सुरळीत चालले असताना ते या पृष्ठभागांच्या बरेच वरून जाते. पृष्ठभाग आखलेले असतात ते काही बिघडले असतानाच्या क्षणांसाठी: एक इंजिन बंद पडले, मे महिन्याच्या दुपारी तापलेल्या हवेत चढण्याची शक्ती घटली, ढग खाली आले, वैमानिक मध्यरेषेपासून थोडा बाजूला गेला. विदर्भ-मराठवाड्यातील उन्हाळ्यात विमानाची चढण्याची क्षमता किती घटते, हे त्या भागात उड्डाण करणाऱ्या कोणालाही विचारावे. शिवाय अडथळा उभा राहिला आणि हटवता आला नाही, तर विमानतळाला थ्रेशोल्ड आत सरकवावा लागतो. २ टक्के चढ असेल तर अडथळ्याचा एक-एक मीटर धावपट्टीचे पन्नास-पन्नास मीटर खातो. १४०० मीटरच्या धावपट्टीला असा तोटा परवडत नाही. उतरण्यासाठीची लांबी एवढी घटते की विमान कंपनी तेथे यायलाच नकार देते. एका इमारतीच्या दोन जादा मजल्यांपायी संपूर्ण जिल्ह्याची हवाई सेवा अडू शकते, आणि ही गोष्ट मला मनापासून खटकते.

सोलापूरचे उदाहरण महाराष्ट्रात सर्वांना ठाऊक आहे. होटगी रस्त्यावरील विमानतळाजवळ श्री सिद्धेश्वर सहकारी साखर कारखान्याच्या सहवीजनिर्मिती प्रकल्पाची सुमारे ९० मीटर उंचीची चिमणी उभी होती. ४५ मीटरच्या सपाट पृष्ठभागाशी तुलना केली तरी ती दुप्पट होते. छोटी शहरे विमानसेवेने जोडण्याच्या केंद्राच्या उडान योजनेच्या २०१७ मधील पहिल्या फेरीत सोलापूरचे नाव असूनही सेवा सुरू होऊ शकली नाही, आणि चिमणीचा वाद वर्षानुवर्षे कार्यालयांत, न्यायालयांत आणि रस्त्यावर चालू राहिला. अखेर १५ जून २०२३ रोजी महानगरपालिकेने ती नियंत्रित स्फोटाने पाडली. २९ सप्टेंबर २०२४ रोजी नव्या टर्मिनलचे उद्घाटन झाले आणि ९ जून २०२५ पासून गोव्याची विमानसेवा सुरू झाली. ज्या सभासद शेतकऱ्यांच्या उसावर तो कारखाना चालतो, त्यांचे नुकसान मी लहान मानत नाही. म्हणूनच माझे आग्रहाचे सांगणे असे की उंचीचा प्रश्न पाया खणण्याआधी सुटला पाहिजे. तयार बांधकामावर तो सोडवताना दोन्ही बाजू हरतात.

आता मोजणीबद्दल, कारण सर्वांत महागात पडणारी चूक येथे होते. दाखल्यावर ‘जमिनीपासून इतके मीटर’ एवढेच पाहून चालत नाही. खरी मर्यादा असते ती समुद्रसपाटीपासूनच्या कमाल माथ्याची पातळी. ती ५१० मीटर असेल आणि आपली जमीन ५०१.२ मीटरवर असेल, तर ८.८ मीटर उंची मिळाली. जमिनीची पातळी चुकीची दिली की सगळा हिशोब कोसळतो. मोबाइलमधील किंवा साध्या जीपीएस यंत्रातील उंची अनेकदा पृथ्वीच्या गणिती आकारापासून मोजलेली असते, आणि आपल्याकडे ती समुद्रसपाटीपासूनच्या खऱ्या उंचीपेक्षा ५० मीटरहून अधिक कमी येते. असा आकडा अर्जात गेला की जमीन कागदावर खोल जाते, उंची भरपूर मिळाल्यासारखी वाटते, आणि पुढे तपासणीत फरक निघाला की दाखलाच रद्दबातल ठरतो. दाखल्यात तसे स्पष्ट लिहिलेले असते: जागेचे अक्षांश-रेखांश आणि पातळी ही अर्जदाराने दिलेली माहिती आहे, भारतीय विमानतळ प्राधिकरण तिच्या अचूकतेची जबाबदारी घेत नाही. म्हणून सर्वेक्षकाला दोन गोष्टी विचाराव्यात: पातळी कोणत्या अधिकृत बेंचमार्कवरून, म्हणजे उंची नोंदलेल्या खुणेवरून, आणली, आणि अक्षांश-रेखांश जीपीएसच्या डब्ल्यूजीएस-८४ या प्रणालीत आहेत का. शेताच्या मधोमधचा एकच बिंदू देऊ नये. इमारतीच्या चारही कोपऱ्यांचे बिंदू द्यावेत, कारण धावपट्टीला सर्वांत जवळचा कोपरा मर्यादा ठरवतो. चढावरच्या जमिनीत तर सर्वांत उंच कोपऱ्याची पातळी महत्त्वाची.

बऱ्याच विमानतळांसाठी रंगांकित क्षेत्रनकाशे तयार केलेले आहेत. त्यांत लाल रंगाच्या क्षेत्रात, म्हणजे प्रामुख्याने धावपट्टीलगत आणि ॲप्रोचमध्ये, प्रत्येक बांधकामासाठी विमानतळ प्राधिकरणाचा दाखला लागतो. इतर रंगांच्या क्षेत्रांत नकाशावर दिलेल्या पातळीपर्यंत स्थानिक संस्था स्वतःच परवानगी देऊ शकते. त्यापेक्षा वर जायचे असेल तरच प्राधिकरणाकडे जावे लागते. ही सोय चांगली आहे आणि तिने सामान्य माणसाची बरीच पायपीट वाचली आहे. पण नकाशातील आकडा समुद्रसपाटीपासूनचा असतो, जमिनीपासूनचा नव्हे, हे विसरू नये. ५५० हा आकडा पाहून कोणी ५५० मीटरची इमारत बांधायला जात नाही हे खरे. परंतु किनाऱ्यालगत, जेथे आकडे ५० किंवा ६० असतात, तेथे लोक तो थेट इमारतीची उंची समजून बसतात.

दाखला कोणाकडून घ्यायचा, हे विमानतळाच्या मालकीवर अवलंबून आहे. प्राधिकरणाच्या आणि परवानाधारक नागरी विमानतळांसाठी, तसेच प्रादेशिक हवाई जोडणी (उडान) योजनेतील विमानतळांसाठी अर्ज प्राधिकरणाच्या ‘नोकास’ या ऑनलाइन प्रणालीवर होतो. पुण्याच्या लोहगावसारख्या हवाई दलाच्या विमानतळाभोवती संरक्षण दलाचा दाखला लागतो. राज्य सरकारच्या किंवा भाडेकराराने खासगी कंपनीकडे दिलेल्या छोट्या धावपट्टीचे स्थान नियमांच्या कोणत्या अनुसूचीत आहे ते आधी पाहावे. आपल्या बाबतीत जिल्हाधिकारी कार्यालय आणि महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनी या दोन ठिकाणी लेखी विचारणा केली की हे स्पष्ट होईल.

दाखला हाती आल्यावर तो शेवटपर्यंत वाचावा, केवळ उंचीचा रकाना पाहून फाइलमध्ये ठेवू नये. मंजूर पातळीच्या वर अँटेना, लाइटनिंग अरेस्टर, जिन्याची खोली, पाण्याची टाकी यांपैकी काहीही जाता कामा नये, अशी अट त्यात असते. सोलर हीटरची चौकट आणि जाहिरातीचा फलकही त्याच न्यायाने मोजले जातात. विमानतळाच्या दिव्यांशी गोंधळ होईल अशी प्रकाशयोजना चालत नाही. संदर्भबिंदूपासून ८ किलोमीटरच्या आत धुराने उड्डाणांना बाधा आणणारे इंधन वापरता येत नाही. वीटभट्टीवाल्यांना हे सहसा कोणी सांगत नाही. बांधकामासाठी उभी केलेली क्रेनही मर्यादेत असावी लागते. दाखल्याची मुदत ८ वर्षांची असते, आणि काम सुरू झाले असेल पण अपरिहार्य कारणाने रखडले असेल, तर मुदतीच्या आत अर्ज करून ती एकदा वाढवून मिळू शकते. तयार फ्लॅट किंवा बंगला विकत घेणाऱ्याने दाखल्यावरील पातळी आणि प्रत्यक्ष माथ्याची पातळी स्वतंत्र सर्वेक्षकाकडून ताडून पाहावी.

मिळालेली उंची कमी वाटली तर अपील समितीकडे जाता येते, आणि काही पृष्ठभागांच्या बाबतीत वैमानिकी अभ्यास, म्हणजे त्या उंचीचा उड्डाणांवर काय परिणाम होईल याची तज्ज्ञ तपासणी, करून थोडी अधिक उंची मिळण्याची शक्यता असते. पण ॲप्रोच, टेक-ऑफ आणि ट्रान्झिशनल या तीन पृष्ठभागांत सवलत मिळेल, असे गृहीत धरून कोणी नकाशा काढू नये. ‘शेजारी आधीच उंच इमारत आहे, तिच्या आडोशाने मलाही मिळेल’ हा युक्तिवादही बहुधा टिकत नाही, कारण शेजारची इमारत स्वतःच नियमबाह्य असू शकते. मुंबई विमानतळाभोवतीच्या अडथळ्यांच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२२ मध्ये ४८ इमारतींच्या मर्यादेबाहेरच्या भागांवर कारवाई करण्याबाबत जिल्हाधिकाऱ्यांना खडसावले होते. अडथळे पाडण्याची कार्यपद्धती १९९४ च्या नियमांत आहे: विमानतळाचा प्रभारी अधिकारी नोटीस देतो, प्रकरण नागरी विमान वाहतूक महासंचालकांकडे जाते, मालकाला म्हणणे मांडण्याची संधी मिळते, आणि आदेश झाल्यावर अंमलबजावणी जिल्हाधिकारी करतात. या नियमांच्या जागी आणावयाच्या नव्या नियमांचा मसुदा जून २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा आपल्या अर्जाच्या दिवशी कोणता पाठ लागू आहे तो पाहावा. अधिसूचनेआधी कायदेशीररीत्या उभ्या असलेल्या बांधकामाला पाडण्याचा आदेश झाला, तर नुकसानभरपाईची तरतूद कायद्यात आहे. अधिसूचनेनंतर मर्यादा ओलांडून बांधलेल्याला तिचा आधार मिळण्याची आशा नाही.

झाडांविषयी आपण विचारलेले नाही, पण पाठवलेल्या फोटोत बांधावर सुबाभळीची रांग दिसते. नियमांना घर आणि झाड सारखेच. ८.८ मीटरची मर्यादा सुबाभूळ काही वर्षांत सहज ओलांडते. निलगिरी आणि नारळ तर दुप्पटीहून उंच जातात. त्या बांधावर डाळिंब, सीताफळ, पेरू, लिंबू यांसारखी बुटकी झाडे लावावीत. कोंबड्यांचा किंवा जनावरांचा व्यवसाय असेल तर मेलेली जनावरे आणि कचरा उघड्यावर टाकू नये. संदर्भबिंदूपासून १० किलोमीटरच्या आत तसे करण्यास विमान नियम १९३७ नुसार मनाई आहे, कारण त्यावर घारी-गिधाडे जमतात आणि छोट्या विमानाला एक घारही पुरेशी घातक ठरते.

आपण पुढे करावयाचे काम असे. आधी सर्वेक्षकाकडून चारही कोपऱ्यांचे बिंदू आणि पातळ्या घ्याव्यात, त्याबरोबर विमानतळाकडून थ्रेशोल्डचे अधिकृत बिंदू, त्याची पातळी, संकेतांक आणि विस्ताराचा आराखडा लेखी मागवावा. मी वर धरलेले संकेतांक ३, १२ मीटरचा फरक आणि मध्यरेषेपासूनची अंतरे त्या कागदांवरून तपासून हिशोब पुन्हा मांडावा. १२ ऐवजी ९ मीटर निघाले तरी आपल्याला एक पूर्ण मजला वर मिळू शकतो, म्हणून मोजणीचे पैसे वाचवू नयेत. त्यानंतर ना हरकत दाखला, आणि तो आल्यावरच वास्तुविशारदाला अंतिम नकाशा काढायला सांगावे. बँकेकडे कर्जाचा अर्जही तोपर्यंत थांबवावा. चुलतभावाने मनोऱ्याच्या करारात तीन गोष्टी घालून घ्याव्यात: उंचीचा दाखला, दिवसाची रंगखूण आणि रात्रीचे दिवे यांची जबाबदारी कंपनीची राहील, दाखला येईपर्यंत जागेचा ताबा दिला जाणार नाही, आणि पुढे विमानतळाच्या विस्तारामुळे मनोरा उतरवावा लागला, तर तो खर्च कंपनी करेल. यांपैकी तिसऱ्या अटीला कंपनी तयार झाली नाही, तर मनोरा माळाच्या पलीकडच्या, धावपट्टीपासून दूरच्या उतारावर हलवता येतो का ते पाहावे. तेथील जमीन खोलगट असेल तर तेवढीच उंची मोकळी मिळते.